हुर्राकाच्या मोसमात पणजी

गोव्याला जायचं तर डिसेंबरात, असं आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. किनाऱ्यासाठी ते बरोबरही आहे. पण पणजी शहर पायी बघायचं असेल, आणि गोव्याचं स्वतःचं मद्य कोणतं, ते कसं घडतं, हे समजून घ्यायचं असेल, तर एप्रिल गाठावा. ऊन कडक असतं, भर दुपारी दुकानांची दारं बंद असतात, कपडे घामानं अंगाला चिकटतात. तरी हेच दिवस योग्य. काजूच्या बोंडूंपासून निघणारा पहिल्या धारेचा हुर्राक साधारण मार्च ते मे एवढाच काळ मिळतो. मुरवत ठेवावा असा तो नसतोच. पाऊस लागला की मोसम संपला.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे काजू म्हणजे बी. गावातल्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती आज कोकणभर लागल्या आहेत, आणि त्या लावणारा प्रत्येक बागायतदार बीचं वजन, गराचा उतारा यावरच बोलतो. बोंडू आम्ही पिरगळून झाडाखाली टाकतो. एखादा मीठ लावून खाल्ला तर खाल्ला, बाकी सगळे मातीत कुजतात. आणि तिथून काही तासांवर, त्याच जांभ्या जमिनीत, त्याच झाडाच्या त्याच फळावर माणसांनी एक आख्खी कला उभी केली आहे. पणजीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं माहेर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, तिच्या मामाची स्वतःची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी. आमची ओळख कॉलेजातली. तिनं फोन केला, "मोसम संपत आलाय गो, आता नाही आलीस तर पुढच्या वर्षी." मी सकाळची पहिली बस पकडली.

मनात एक हेतूही होता. महाराष्ट्रातून गेलेला माणूस परतताना काजूच्या आकाराच्या बाटलीतली फेणी विकत घेतो, घरी येऊन झाकण उघडतो, वासानं दचकतो आणि ती बाटली कपाटाच्या तळाशी जाते. फेणी म्हणजे उग्र वासाची स्वस्त दारू, हा समज अशाच बाटल्यांनी पसरवला. मला तो अन्यायाचा वाटतो. एखाद्या पदार्थाची ओळख त्याच्या गावात, त्याच्या मोसमात, त्याच्या सोबतच्या खाण्याबरोबर व्हायला हवी. तसा एक दिवस आम्ही दोघींनी काढला.

पणजीचं बसस्थानक पाट्टोला. तिथून शहरात शिरायला उरेंची खाडी ओलांडावी लागते, आणि पादचारी पुलावरून पलीकडे रंगीत घरांची रांग दिसू लागते. उजव्या हाताला, मांडवीच्या कडेनं रायबंदरकडे जाणारा रस्ता सुरू होतो. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि तो किती जुना आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. लिन्यारिशचा काउंट असलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं १६३३-३४ मध्ये पाणथळीतून तीन किलोमीटरहून लांब दगडी बांध घातला, तोच हा. पणजी तेव्हा शहर नव्हतंच. राजधानी पूर्वेला, आजच्या जुन्या गोव्यात. तिथल्या रोगराईला कंटाळून तेव्हाचा व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शहर असं हळूहळू नदीच्या तोंडाकडे सरकत आलं.

रिकाम्या पोटी उन्हात फिरायचं नाही आणि रिकाम्या पोटी प्यायचंही नाही, हा मैत्रिणीचा पहिला नियम. म्हणून आधी कॅफे भोसले. गोव्यातली पावभाजी म्हणजे मुंबईची लोणी टाकून रगडलेली भाजी नव्हे. इथं पातळ भाजी आणि सुकी भाजी अशा दोन वेगळ्या वाट्या, किंवा एकाच वाटीत दोन्ही, हवी असेल तर वर मिरचीभजी, आणि पाव. शेजारच्या टेबलावर सरकारी कचेरीतले दोघे कोकणीत बोलत होते आणि त्यांच्या हातात मराठी वर्तमानपत्र होतं. पणजीत हे दृश्य पावलोपावली दिसतं.

मग चर्चचौक. मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या नावाचं हे पांढरंशुभ्र चर्च (गोव्यातली माणसं त्याला 'इगर्ज' म्हणतात) पणजीच्या प्रत्येक छायाचित्रात असतं. मूळचं छोटं प्रार्थनाघर १५४१ चं, म्हणजे इथं शहर होण्याच्या कितीतरी आधीचं. लिस्बनहून निघालेली गलबतं मांडवीत शिरली की खलाशी आधी इथं उतरून सुखरूप पोचल्याबद्दल आभार मानत आणि मगच जुन्या गोव्याकडे जात. आजची इमारत १६१९ ची. समोरचा नागमोडी जिना मात्र एकोणिसाव्या शतकातला. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातून आणली, १८७१ मध्ये. त्या मठाचा आता एक अर्धा मनोरा तेवढा उरला आहे.

चर्चच्या खालच्या अंगाला नगरपालिकेची बाग आहे, गार्सिया द ऑर्ताच्या नावाची. या माणसाशी आपलं जवळचं नातं आहे. तो वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं, आणि १५६३ मध्ये त्यानं भारतातल्या वनस्पती व औषधांवर संवादरूपात लिहिलेला ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात माडाची सुरी म्हणजे माडी, ती उकळून काढलेलं मद्य, यांचं वर्णन आहे. म्हणजे दारू गाळायची विद्या कोकण किनाऱ्यावर काजूच्या आधीपासून होती. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. ब्राझीलमध्ये आजही काजूच्या बोंडूचा रस गाळून, निवळून 'काजुईना' नावाचं पेय करतात, त्यात मद्यार्क नसतो. झाड तिकडचं, भट्टीची विद्या इकडची, आणि फेणी ही या दोघांच्या भेटीतून गोव्यातच जन्मली. तिला परदेशी पेय समजणं चूक आणि जुनंपुराणं गावठी पेय म्हणून नाक मुरडणं तर त्याहून चूक. गार्सिया द ऑर्ता मूळचा ज्यू कुटुंबातला होता. तो १५६८ मध्ये वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. बागेत मुलं घसरगुंडीवर खेळत होती. तिथं या माणसाची गोष्ट सांगणारा एखादा ठळक फलक हवा असं मला मनापासून वाटतं.

आझाद मैदानाच्या कडेला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे. पणजीत एकच जागा बघायला वेळ असेल तर माझी पसंती हीच. १८७१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, पूर्वीचं नाव वास्को द गामाचं. आत शिरताच दोन्ही भिंतींवर निळ्या-पांढऱ्या, कडेला पिवळी झाक असलेल्या फरशांची चित्रं. या फरशांना पोर्तुगीजमध्ये 'अझुलेजू' म्हणतात. कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या 'लुझियाद' महाकाव्यातले प्रसंग त्यावर आहेत, आणि ते १९३५ मध्ये जॉर्ज कुलासू यानं रंगवले, ज्यानं पोर्तो शहराच्या साओं बेंतो रेल्वेस्थानकातल्या प्रसिद्ध भिंती रंगवल्या तोच. कामोंइश स्वतः सोळाव्या शतकात काही काळ गोव्यात राहिला होता. चित्रांत गलबतं आहेत, वादळ आहे, वास्को द गामाचं किनाऱ्यावर उतरणं आहे. विजेत्यांनी स्वतःची केलेली ही स्तुती, हे मान्य करूनही हातातलं कौशल्य बघत राहावं लागतं. एकेका फरशीवर लाटेचा एक तुकडा, आणि शेजारची फरशी लागली की लाट पुरी होते. बाहेर चाळिशीकडे झुकलेलं ऊन आणि आत गारवा. आम्ही तिथं बराच वेळ बसलो. दुसरं कोणीही आलं नाही. कॅसिनोच्या दारातली गर्दी इथून पाच मिनिटांवर आहे.

त्या कॅसिनोबद्दल एवढंच लिहिते, की मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या त्या झगमगीत जहाजांनी नदीकाठावरून दिसणारं पात्र शहराकडून काढून घेतलं आहे, आणि पणजीकर वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध बोलत आहेत ते योग्य आहे.

नदीकाठी आदिलशहाचा राजवाडा. विजापूरच्या युसुफ आदिलशहानं बांधलेला, १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं घेतलेला, नंतर व्हाइसरॉयचं निवासस्थान, पुढे सचिवालय आणि २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा. त्याच्या शेजारी एक विलक्षण पुतळा आहे. पाद्र्याच्या झग्यातला एक माणूस दोन्ही हात पसरून उभा, आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडते आहे. पर्यटक फोटो काढतात आणि हा कोण, काय करतो आहे, असं एकमेकांना विचारतात. हा आबे फारिया. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला गोमंतकीय, ज्यानं पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. त्या काळी संमोहन म्हणजे शरीरातून वाहणारा चुंबकी द्रव असं युरोपातले पंडित मानत. फारियानं ठामपणे सांगितलं की द्रव वगैरे काही नसतं, ज्याला झोप लागते त्याच्या स्वतःच्या मनातल्या सूचनेनंच ती लागते. मानसशास्त्राला पुढे हेच मान्य करावं लागलं. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचा, १९४५ चा.

फारियाची गोष्ट गोव्यात प्रत्येक मुलाला माहीत असते, मैत्रिणीनं मला ती पुतळ्याच्या सावलीत उभं राहून सांगितली. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन द्यायला तरुण फारिया उभा राहिला आणि समोरचा थाट बघून गप्पच झाला. बापानं खालून हळूच कोकणीत सांगितलं, "कातर रे भाजी." ही सगळी भाजी आहे, काप! आणि मुलाची वाचा सुटली. आख्यायिका असेल, पण आजही परीक्षेला निघालेल्या पोराला गोव्यात हेच सांगतात. आख्यायिकेच्या पलीकडचा इतिहास कठोर आहे. १७८७ मध्ये गोमंतकीय पाद्री आणि सैनिकांनी पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा कट केला, तो पिंटोंचा कट. तो फुटला, पंधरा जणांना मरणदंड झाला. फारिया आणि त्याचा बाप तेव्हा लिस्बनमध्ये होते, संशय त्यांच्यापर्यंत पोचला आणि मुलगा पॅरिसला निघून गेला. अलेक्झांडर ड्युमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीतला तुरुंगातला विद्वान पाद्री त्याच्याच नावावर आहे.

बाजारात दुपारपर्यंत जीव असतो. सुकी मासळी, माळेत ओवलेली चौरिसं (गोव्याचे सॉसेज), काणकोणच्या खोला गावची लाल मिरची, भिरंडांची सोलं, आणि एप्रिल असल्यामुळे मानकुराद आंबे. मैत्रिणीनं मानकुरादाच्या भावावरून बाईशी दहा मिनिटं घासाघीस केली, आणि शेवटी बाई सांगेल तेवढेच दिले. एका टोपलीत लालपिवळे बोंडू होते, बी काढून घेतलेले. वास पाच पावलांवरून येत होता.

दुपारी जेवण तिच्या घरी, भाटल्यात. शीत, हुमण, तळलेला बांगडा, सोलांची कढी. मग पंखा लावून आम्ही जमिनीवर आडव्या झालो आणि तिनं मामाच्या भाटीबद्दल सांगायला सुरुवात केली. या प्रवासाचा गाभा तोच होता.

फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून स्वतः गळून पडलेलाच घेतात. सकाळी लवकर उतारावर जायचं, हातात टोकाला खिळा लावलेली काठी, फळ टोचायचं आणि टोपलीत टाकायचं. बी पिरगळून वेगळी. सरकारी डोंगरांवरच्या झाडांची पावणी होते, म्हणजे लिलाव, आणि ती घेतलेला माणूस मोसमभर तिथंच माळ्यावर राहतो. फळं जांभ्या दगडात खोदलेल्या उथळ हौदात टाकून पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे, मामाकडेही. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, त्याला वेलीनं करकचून बांधून, वर जड दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळणारा स्वच्छ रस म्हणजे 'नीरो'. तो थंडगार करून मुलांनाही देतात. तिच्या बोलण्यात या नीऱ्यापाशी जो गोडवा आला, तो आठवणीशिवाय येत नाही.

बाकीचा रस भांड्यांत भरून तीन दिवस आंबू देतात. पूर्वी मातीची मडकी जमिनीत अर्धी पुरलेली असत. यात बाहेरून साखर घालत नाहीत, पाणी घालत नाहीत, यीस्टही घालत नाहीत. फळावर आणि हवेत जे असतं त्यानंच रस फसफसतो. मग तो 'भाण' नावाच्या तांब्याच्या हंड्यात चढवायचा, खाली लाकडाचा जाळ, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं थंड राहावं म्हणून पाणी. जाळ फार झाला तर करपट वास येतो, कमी झाला तर धार तुटते. मामा रात्रभर जाळाशी बसतो आणि धारेच्या आवाजावरून लाकूड ओढतो किंवा सरकवतो. ही पहिली धार म्हणजे हुर्राक, मद्यार्क साधारण १५ टक्के. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून चढवला की फेणी, ४२.८ टक्क्यांची. कडकपणा मोजायचं माप इथं 'ग्राव', आणि माप हाताशी नसेल तर जाणता माणूस बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांच्या मण्यांवरून सांगतो. फेणी मोठ्या पोटाच्या काचेच्या 'गर्राफांव'मध्ये राहते. लाकडी पिंपात नाही. म्हणून ती पाण्यासारखी निर्मळ दिसते.

काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पुढे कितीतरी वर्षं कायद्याच्या कागदावर ती 'देशी दारू'च होती. २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा-पेयाचा वेगळा दर्जा दिला. स्कॉटलंडच्या एखाद्या खोऱ्यातल्या व्हिस्कीबद्दल आपण तिथली माती, तिथलं पाणी यांसकट बोलतो, आणि सत्तरीतल्या डोंगराबद्दल मात्र आपल्याला दोन वाक्यंही माहीत नसतात. हे बदलायला हवं.

चारनंतर ऊन कलल्यावर आम्ही फोंतैन्यास गाठलं. आल्तिन्याची टेकडी आणि उरेंची खाडी यांच्यामधला हा चिंचोळा भाग. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून आल्यामुळे 'मोस्मीकार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिक्वेरा नावाच्या गोमंतकीयानं अठराव्या शतकाच्या अखेरीस इथं माडांची बाग उभी केली, आणि राजधानी जवळ येत गेली तशी बागेची वस्ती झाली. मळा भागात डोंगराच्या पोटातून झरा येतो, त्या झऱ्यावरून वस्तीचं नाव. पोर्तुगीज काळात निखळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, घरांना दुसरे रंग, आणि पावसाळ्यानंतर रंगरंगोटी करायचीच असा दंडक होता. गेरू, निळा, पिवळा, खिडक्यांच्या कडा पांढऱ्या. खिडक्यांना पूर्वी काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे लावत, काही घरांत ते अजून आहेत. इथं माणसं राहतात, संध्याकाळचा रेडिओ लागलेला असतो, अंगणात कपडे वाळत असतात. कोणाच्याही दारात उभं राहून, ओट्यावर चढून फोटो काढणाऱ्यांच्या झुंडी बघून मला रहिवाशांच्या बाजूनं राग आला. बऱ्याच घरांवर आता 'फोटो काढू नये' अशा पाट्या आहेत, त्या पाळाव्यात.

इथल्या मुख्य रस्त्याचं नाव ३१ जानेवारी. पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला ती तारीख, असं अनेक वाटाडे सांगतात. ते चूक आहे. ते स्वातंत्र्य १ डिसेंबर १६४० चं. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध गणराज्यवाद्यांचा उठाव झाला होता, हा रस्ता त्याची आठवण. याच रस्त्यावरच्या जुन्या बेकरीतून आम्ही नारळाचा केक घेतला. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलात एक मोठा क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर आदिलशहाच्या राजवाड्यात आला, आणि १९१८ मध्ये इथं. यातल्या ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत.

दिवेलागणीला पहिली तावेर्न. चार टेबलं, भिंतीवर क्रूस आणि कॅलेंडर, फळीवर गर्राफांव. हुर्राक कसा प्यायचा याबद्दल गोव्यात फारसे मतभेद नाहीत. उंच ग्लास, बर्फ, हुर्राक, लिंबाची फोड पिळून आत टाकलेली, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. मैत्रिणीनं आधी मला नुसता हुर्राक घोटभर दिला. पिकल्या बोंडूचा तो बाजारातला वास, पण त्याच्या मागे हिरवट, ओलसर असं काही, आणि जिभेवर काजूचा ओळखीचा तुरटपणा. मग मिश्रण. मिठानं तुरटपणा मऊ होतो, लिंबानं वास उजळतो, मिरची घशाशी शेवटी येते. दुपारभराचा उन्हाचा शीण गेला. शेजारच्या टेबलावर तीन म्हातारे पत्ते खेळत होते. दोन बायका आत येऊन बसल्या म्हणून कुणी मान वळवली नाही, आणि हे मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं.

तिथून चार वळणांवर जोसेफ बार, फोंतैन्यासमधला नावाजलेला. आत उभं राहायलाही जेमतेम जागा, त्यामुळे माणसं ग्लास घेऊन गल्लीत उभी असतात. इथं 'तांबडे रोझा' नावाचं पेय मिळतं, फेणीत कोकम आणि मिरची. कोकमाचा आंबटपणा लिंबापेक्षा खोल असतो, आणि तो फेणीच्या फळाळ वासाला धरून ठेवतो. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. सोलकढीच्या वाटीतला आणि या ग्लासातला आंबटपणा एकाच झाडाचा. ग्लास आम्ही एकच घेतला आणि अर्धा अर्धा केला. चवी पुष्कळ घ्यायच्या असतील तर हीच रीत बरी, आणि मधूनमधून पाणी.

शेवटची जागा नव्या पद्धतीची होती. लाकडी उंच काउंटर, मागे वीसएक प्रकारच्या फेण्या, आणि काउंटरमागचा पोरगा मूळचा डिचोलीचा. फेणीबद्दल इतक्या प्रेमानं बोलणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. त्यानं आधी तीन छोट्या पेल्यांत तीन फेण्या ओतल्या: यंदाची काजूची, काही वर्षं काचेत मुरलेली, आणि दुकशिरीची. दुकशिरी म्हणजे अनंतमुळाच्या जातीची सुगंधी मुळी. ती फेणीत भिजत घालतात आणि घराघरांत पोटाच्या दुखण्यावर चमचाभर देतात. मुरलेल्या फेणीचा वास यंदाच्या फेणीपेक्षा कितीतरी शांत होता. "वासाला घाबरतात त्यांना मी ही आधी देतो," तो म्हणाला.

मग कॉकटेलं. त्याचं म्हणणं असं, की व्होडकासारखं बिनवासाचं मद्य कशातही मिसळतं, फेणी तशी नाही, तिला तोलामोलाचं कोणीतरी समोर लागतं. फळांचे गोड रस घातले की ती चिकट होते, आणि पर्यटकांच्या बारमध्ये नेमकं तेच करतात. तिला हवं आंबट, खारट, तिखट आणि गूळ. त्यानं चिंचेचा कोळ, माडाच्या गुळाचा पाक, आल्याचा रस, लिंबू आणि फेणी बर्फासकट जोरात हलवून, ग्लासच्या कडेला मीठ-मिरची लावून दिलं. चिंचगुळाची आमटी ज्या तोलावर उभी असते, त्याच तोलावर हा ग्लास उभा होता. मग लिंबाच्या फोडी साखरेबरोबर ग्लासातच ठेचून, वर बर्फ आणि फेणी. ही पद्धत ब्राझीलच्या काइपिरिन्याची. तिथं त्यात उसाची काशासा असते. काजूचं झाड ज्या देशातून आलं तिथली रीत आणि इथली फेणी, दोन्ही एका ग्लासात. मला दिवसभरातलं हेच सगळ्यात आवडलं. मैत्रीण चिंचेच्या बाजूनं होती आणि आमचा वाद बराच रंगला. सोबत चौरिस-पाव आणि रेशाद बांगडा होता, त्यातल्या सिरक्याच्या मसाल्यापुढे दोन्ही ग्लास टिकले, हे दोघींना मान्य.

घरी करून बघायचं असेल त्यांच्यासाठी त्याचं प्रमाण: फेणी ४५ मिली, लिंबाचा रस १५, गुळाचा पाक १५, चिंचेचा पातळ कोळ २०, आल्याचा रस अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. बर्फ भरपूर, आणि हलवणं ग्लास हाताला गार लागेपर्यंत. फेणी थोडी मुरलेली घ्यावी. गोव्यातून महाराष्ट्रात मद्य आणायला परवाना लागतो, तो काढूनच बाटली आणावी.

निघताना मी त्या पोराला माडाच्या फेणीबद्दल विचारलं. ती दक्षिण गोव्यात, साष्टीकडे, रेंदेर माडावर चढून काढतात त्या सुरीची. त्याच्याकडे एकच बाटली होती आणि ती त्यानं उघडली नाही. "ही इथं नका पिऊ, तिथं जाऊन प्या. सकाळी सुरी काढताना बघा, मग." माडाची सुरी वर्षभर काढतात, त्यामुळे आम्हाला पुढच्या एप्रिलची वाट बघायची गरज नव्हती. रिक्षात बसेपर्यंत मैत्रिणीनं मडगावच्या मावशीला फोन लावला होता.